'हार्ट ऑफ द अँडीज' : याला वास्तववादी चित्र म्हणायचं का, आणि आपल्या घाटमाथ्याला त्यातलं काय लागू पडतं?

वाचनकट्टा (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या जिन्यासमोरच्या मोठ्या भिंतीवर एका डोंगरी निसर्गचित्राची प्रतिकृती लावायचं ठरलंय. चित्र आहे अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक एडविन चर्च यांचं 'हार्ट ऑफ द अँडीज', 1859 सालचं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं. खाली मराठी पाटी लावायची आहे आणि तिथंच आमचं घोडं अडलंय. एक सभासद म्हणतात 'वास्तववादी निसर्गचित्र' लिहा. दुसरे म्हणतात, अशी जागा जगात कुठंच नाही, मग वास्तव कसलं? शिवाय चित्रकला शिकणारी मुलं वाचनालयात येतात. त्यांना या चित्रातून खानापूर-जांबोटीचे डोंगर रंगवायला काही घेता येईल का, तेही हवंय. जाणकारांनी सविस्तर लिहावं. पाटी चार ओळींची आहे, पण चर्चा कितीही लांबली तरी चालेल.

जांभादगड (खानापूर)

निवड उत्तम आहे. आधी चित्राची माहिती देतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही.

कॅनव्हासवर तैलरंग, उंची 168 सें.मी., रुंदी जवळपास 303 सें.मी. चर्च 1853 आणि 1857 असे दोनदा दक्षिण अमेरिकेत जाऊन आले. तिथं पेन्सिल आणि तैलरंगात केलेल्या अभ्यासचित्रांवरून हे मोठं चित्र न्यूयॉर्कच्या स्टुडिओत तयार झालं. डावीकडे वर, अगदी मागं, इक्वेडोरमधला बर्फाचा चिंबोराझो पर्वत (उंची 6,263 मीटर). मधोमध तपकिरी-जांभळट डोंगररांग, तिच्या पायथ्याशी पठार आणि वस्ती. पुढं नदी, धबधबा आणि डोह. डाव्या कोपऱ्यात एक क्रूस आणि त्याच्यापाशी दोन माणसं, ती इतकी लहान की छोट्या छपाईत दिसतच नाहीत. तिथंच एका उजळ खोडावर चर्च यांनी आपली सही आणि साल अशी टाकलीय की सालीवर कोरल्यासारखी वाटते.

1859 च्या वसंतात हे एकच चित्र न्यूयॉर्कला तिकीट लावून दाखवलं गेलं. तिकीट 25 सेंट. खिडकीच्या चौकटीसारखी जड लाकडी फ्रेम, बाजूला पडदे, चित्रावर सोडलेला उजेड. लोक नाटकाची छोटी दुर्बीण घेऊन पानं न् पानं बघत. तीन-चार आठवड्यांत बारा हजारांवर माणसं येऊन गेली. नंतर ते 10,000 डॉलरला विकलं गेलं. हयात अमेरिकन चित्रकाराच्या कामासाठी तेव्हा ही किंमत फार मोठी होती.

तैलगंध (शहापूर, बेळगाव)

पाटीवर 'वास्तववादी' लिहू नका, एवढं कळकळीनं सांगतो. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

वास्तववाद ही फ्रान्समधली एक ठरावीक चळवळ. गुस्ताव्ह कूर्बे यांनी 1855 मध्ये पॅरिसला स्वतःचा वेगळा मांडव उभारून आपली चित्रं लावली आणि त्याला 'वास्तववाद' हे नाव दिलं. त्यांचा आग्रह विषयाचा होता : खडी फोडणारे मजूर, गावातली मयत, आजचं आणि डोळ्यांसमोरचं जगणं. ते गुळगुळीत 'हुबेहूब' काढायचे असं मुळीच नाही. कूर्बे तर सुरीनं रंग थापायचे.

चर्च यांचं काम म्हणजे वास्तवदर्शी शैली. वस्तू डोळ्याला दिसते तशी, तपशिलासकट. पण मागची भावना रोमँटिक, निसर्गाच्या भव्यतेपुढं माणूस लहान, अशी. असं काम करणाऱ्या अमेरिकन निसर्गचित्रकारांच्या गटाला हडसन रिव्हर स्कूल म्हणतात. म्हणून पाटीवर 'वास्तवदर्शी शैलीतलं रोमँटिक निसर्गचित्र' हे नेमकं.

फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर याच्या शेजारी कूर्बे यांचं 1877 चं 'दाँ द्यू मिदी' या आल्प्सच्या शिखरांचं अपुरं राहिलेलं चित्र ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये परागंदा असताना, आयुष्याच्या शेवटच्या वर्षात काढलेलं. तिथं डोंगर हा दगडाचा जड ढिगारा आहे. शिखराकडं बघून हात जोडावेत असं काही नाही. विषय दोघांचा एकच आहे, पण बघणं अगदी वेगळं.

छापखाना (निपाणी)

प्रतिकृतीबद्दल थोडं. मूळ प्रमाण 1 : 1.8 आहे. भिंतीवर 6 फूट रुंदी मिळत असेल तर उंची 3 फूट 4 इंच येईल. छापणारा 6 बाय 4 करूया म्हणेल, ऐकू नका. त्यात एकतर चित्र ताणलं जातं, नाहीतर डावी-उजवी कड कापली जाते, आणि डाव्या कडेला तर क्रूस आणि सही आहे.

मेटच्या, म्हणजे मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या, संकेतस्थळावर चित्राची मोठी फाईल मोफत मिळते, हक्काचा प्रश्न नाही. 6 फुटांसाठी प्रति इंच 150 ठिपके धरले तर रुंदीला 10,800 पिक्सेल लागतात. 7,200 च्या खाली गेलात तर पुढच्या झाडांची पानं चिखल होतात, आणि या चित्राची सगळी मजा पानांत आहे. फ्लेक्सवर छापू नका. मॅट कॅनव्हास घ्या आणि वर चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाईट त्यात आरशासारखी दिसते. पूर्ण छपाईआधी एक फुटाचा तुकडा छापून भिंतीवर धरून बघा. मधला तपकिरी डोंगर छपाईत हमखास काळा पडतो. तो काळा आला तर फाईलमध्ये फक्त गडद छटा थोड्या उचलायच्या. सगळं चित्र उजळलं तर बर्फ आणि आकाश एक होऊन जातात.

घाटमाथा (जांबोटी)

तैलगंध काका, शब्द पटला. पण मूळ शंका तशीच राहते की. दहा जागांची स्केचेस जोडून एक देखावा केला, मग ते डोंगराचं 'खरं' चित्र कसं? आपल्याकडं कुणी वज्रपोह्याचा धबधबा उचलून राजहंसगडाच्या पायथ्याशी ठेवला तर चालेल का?

जांभादगड (खानापूर)

चालेल की नाही, ते कशासाठी ठेवला त्यावर ठरेल. चर्च यांच्यामागं अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ उभा आहे. हुम्बोल्ट 1802 मध्ये चिंबोराझोवर चढले होते, शिखर गाठलं नाही पण खूप वर गेले. नंतर त्यांनी डोंगराचा उभा छेद काढून कुठल्या उंचीवर कुठली झाडं उगवतात त्याचा तक्ता केला. पायथ्याला उष्ण कटिबंध, माथ्यावर ध्रुवासारखा बर्फ, म्हणजे एकाच डोंगरावर पृथ्वीचं सगळं हवामान. उष्ण प्रदेशात जाऊन चित्रकारांनी हे रंगवावं असं त्यांनी लिहूनही ठेवलं. चर्च यांनी नेमकं तेच केलं : पुढं दमट जंगल, मध्ये गवताळ पठार, वर उघडा खडक, शेवटी हिम. प्रत्येक झाड ओळखता येईल इतकं खरं, पण सगळं एका नजरेत मावावं म्हणून रचलेलं. हे चित्र हुम्बोल्टना दाखवायला युरोपात न्यायचं चर्च यांच्या मनात होतं, पण 1859 च्या मे महिन्यातच हुम्बोल्ट गेले.

याउलट आल्बेर्ट बीअरश्टाट यांचं 1863 चं 'लँडर्स पीक' बघा. चित्र जवळपास तेवढंच मोठं, 187 बाय 307 सें.मी. रॉकी पर्वताची सफर त्यांनी 1859 मध्ये केली होती, पण शिक्षण जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचं आणि डोळ्यांत आल्प्स बसलेले. रॉकीचं शिखर आल्प्ससारखं टोकदार आणि उंच झालं. माझ्या मते जोडणी दोघांचीही आहे, पण चर्च यांची जोडणी निसर्गाचा नियम दाखवते, बीअरश्टाट यांची डोंगराचा स्वभावच बदलते. वज्रपोहा हलवायचा तर हलवा, पण पाणी ज्या खडकावरून, ज्या प्रकारे पडतं तो खडकही सोबत न्यावा लागेल.

चिकोडीची माई

सगळं 1859 पासून सुरू झाल्यासारखं बोलताय, म्हणून थोडं मागं जाते.

युरोपात ओळखू येईल असा खरा डोंगर चित्रात आला तो कोनराड व्हिट्स यांच्या 1444 च्या वेदीचित्रात. विषय ख्रिस्ताचा आणि मासेमारीचा, पण मागं जिनिव्हाचं सरोवर आणि मोंब्लाँची बर्फाची रांग. त्यानंतर लिओनार्दोंचं 5 ऑगस्ट 1473 अशी तारीख घातलेलं आर्नो खोऱ्याचं रेखाटन. मग ड्यूरर यांचे आल्प्स ओलांडतानाचे जलरंग. ब्रूगेल आल्प्समधून गेले आणि 1565 च्या 'बर्फातले शिकारी' मध्ये सपाट नेदरलँड्सच्या गावामागं सरळ आल्प्सचे कडे उभे केले. म्हणजे घाटमाथा भाऊ विचारतात ती जोडणी चर्चच्या तीनशे वर्षं आधीची आहे.

आणि युरोपच्याही आधी चीन. क्वो शी यांचं 'अर्ली स्प्रिंग' 1072 सालचं आहे, रेशमावर शाईनं काढलेलं. डोंगर बघायचे तीन प्रकार त्यांनी सांगितले : पायथ्यापासून माथ्याकडं मान वर करून, पुढच्या डोंगराआडून मागच्या डोंगरात डोकावून, आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या रांगांकडं सपाट नजरेनं. गोकाकचा कडा खालून बघणं हे पहिलं, चोर्ल्याच्या कड्यावरून गोव्याकडं बघणं हे तिसरं. मुलांना हे तीन प्रकार आधी शिकवा. एकाच चित्रात तिन्ही घुसडले की डोंगर घसरल्यासारखा दिसतो, कारण क्षितिजाची रेषा कुठं धरायची तेच ठरत नाही. क्वो शी यांना ते जमतं कारण मध्ये धुकं सोडून ते नजरेला जागा बदलू देतात.

रंगपेटी_21 (खानापूर)

मी सगळं वाचूलालोय, एकदम भारी. एक अडचण विचारतो. लांबचा डोंगर निळा करायचा असं सगळे सांगतात. जांबोटीकडचे डोंगर पावसाळ्यातल्या फोटोवरून तसे केले, तर कॅलेंडरमधलं स्वित्झर्लंड दिसूलालंय. काय चुकलं?

तैलगंध (शहापूर, बेळगाव)

निळा रंग चुकला नाही, ऋतू चुकला. हे नीट समजून घ्या, कारण डोंगराच्या चित्रात निम्मं काम हवेचं असतं.

कोरड्या स्वच्छ हवेत प्रकाश हवेच्या रेणूंवर विखुरतो. निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या साधारण चौपट विखुरतो. तुम्ही आणि डोंगर यांच्यामध्ये जितकी हवा जास्त, तितका हा निळा पडदा दाट. लिओनार्दोंनी तर हिशेबच सांगितलाय : पाचपट लांबचं दाखवायचं तर पाचपट निळं करा. पण पावसाळ्यात हवेत पाण्याचे थेंब असतात. ते प्रकाशाच्या लहरीपेक्षा मोठे, त्यामुळं सगळे रंग सारखेच विखुरतात. म्हणून जून ते सप्टेंबर आपल्याकडं लांबचा डोंगर निळा होत नाही, राखाडी-पांढरा होत जातो आणि शेवटी नाहीसा होतो. फेब्रुवारी ते मे धूळ आणि धूर, तेव्हा तो मळकट जांभळा किंवा तपकिरी. खरा निळा मिळतो पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तुम्ही पावसाळ्याचं आकाश आणि ऑक्टोबरचा डोंगर एका कागदावर आणलाय.

दुसरी चूक बहुतेक सगळ्यांची. लांब जाताना सावल्या आणि उजेड सारख्या वेगानं बदलत नाहीत. गडद भाग भराभर निळा आणि फिका होतो. उजळ भाग हळूहळू मंद होतो आणि उलट थोडा उबदार पडतो. दूरचा पांढरा ढग म्हणून तर पिवळसर-गुलाबी दिसतो. सगळ्यावर सरसकट निळा वॉश (पातळ रंगाचा थर) फिरवला की डोंगर काचेमागं ठेवल्यासारखा दिसतो. चर्च यांचा चिंबोराझो मोठा करून बघा : सावलीतलं बर्फ निळं-करडं, उन्हातलं बर्फ चक्क उबदार.

तैलरंगात करायची पद्धत देतो. 12 बाय 16 इंचाचा बोर्ड. आधी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) टर्पेंटाईनमध्ये पातळ करून सगळीकडं पुसायचा आणि सुकू द्यायचा. पांढऱ्या बोर्डावर सुरुवात केली तर पहिली छटा नेहमी जास्त गडद वाटते आणि आपण सगळंच फिकं करून बसतो. मग अल्ट्रामरीन (गडद निळा) दोन भाग आणि बर्न्ट सिएना एक भाग यांचं मिश्रण, मोठ्या लिंबाएवढं. याचे चार ढीग करा. पहिल्यात पांढरा नाही, तो पुढच्या सावल्यांसाठी. दुसऱ्यात मिश्रणाएवढाच पांढरा. तिसऱ्यात चौपट. चौथ्यात आठपट, सगळ्यात मागच्या रांगेसाठी. काळा 0 आणि पांढरा 10 धरला तर पुढची सावली 2, मधली रांग 4 ते 5, शेवटची 7, क्षितिजाजवळचं आकाश 8 ते 9. ढीग तयार झाल्याशिवाय बोर्डाला कुंचला लावू नका. चित्र चालू असताना छटा मिसळायला घेतली की दुसरी आणि तिसरी रांग एकमेकींत विरघळतात.

पावसाळी चित्रासाठी याच मिश्रणात सिएना वाढवून दोन्ही जवळपास समान करा, निळेपणा मरतो. हिरव्यासाठी ट्यूबमधला व्हिरिडियन सरळ वापरू नका. त्यात बर्न्ट सिएना घातल्यावरच तो आपल्या जंगलाचा होतो.

गोकाक_प्रवाह

तैलगंध सरांच्या हवेला माझा दगड जोडतो, कारण 'डोंगर' म्हणून सगळे त्रिकोण काढतात. आपल्या भागात चार वेगळे दगड आहेत आणि चौघांची बाह्यरेषा वेगळी.

उत्तरेकडून आलेला काळा बेसाल्ट बेळगावच्या आसपास संपत येतो. लाव्हाचे आडवे थर, म्हणून डोंगर पायऱ्यांचा : उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा. माथा सपाट. या बेसाल्टला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दच स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. याला टोकदार शिखर काढलं की तो आल्प्स झाला, बीअरश्टाटचीच चूक. आल्प्सचे थर दाबाखाली वळलेले, घड्या पडलेले, शिवाय हिमनद्यांनी कोरलेले, म्हणून तिथं धारदार टोकं. आपल्याकडं हिमनदी नव्हती, पाण्यानं थर खाल्ले.

चोर्ला, कणकुंबीच्या बाजूला माथ्यावर जांभ्याची टोपी. त्याची कड बोथट, कपची निघाल्यासारखी, खाली सुटलेल्या दगडांचा ढीग. रंग ओला असताना जवळजवळ चॉकलेटी, सुकल्यावर वीटकरी. सड्यावर पावसाळ्यात फक्त पातळ हिरवळ, झाड नाही. तिथं झाडी काढली तर माहितगार माणूस लगेच बोट ठेवतो. खानापूरच्या दक्षिणेला त्याहून कितीतरी जुना धारवाडी खडक, तिथं डोंगर गोलसर आणि रानानं झाकलेले. तिथं कड्यांच्या रेषा शोधू नका, झाडीच्या छटांनीच उंचवटा दाखवावा लागतो.

आणि पूर्वेला गोकाक. घटप्रभा साधारण 52 मीटर खाली पडते ती वाळूच्या दगडाच्या कड्यावरून. थर आडवे, भेगा उभ्या, त्यामुळं कडा चिऱ्यांच्या भिंतीसारखा चौकोनी तुटतो. इथं कुंचला सोडून सपाट सुरी घ्या. आडवा ओढ आणि उभा ठोका, याच क्रमानं. पूर आल्यावरचं पाणी पांढरं नसतं, मातकट पिवळं असतं. पांढरं लावलं की तो गोकाक राहत नाही. पडत्या पाण्याचा वरचा काठ धारदार ठेवा आणि खाली येता येता कडा विरघळू द्या. उलटं केलं तर पाणी खालून वर जातंय असं वाटतं.

रंगपेटी_21 (खानापूर)

गोकाक दादा, तैलगंध सर, दोघांचे आभार. अजून एक. मोबाईलच्या फोटोत डोंगर एवढासा येतो आणि प्रत्यक्षात मोठा वाटतो. उंची वाढवली तर खोटं होणार नाही का?

जांभादगड (खानापूर)

हिशेब करून बघू. 300 मीटर उंचीचा डोंगर 5 किलोमीटरवर असेल तर तो डोळ्याशी साडेतीन अंशांहून थोडा कमी कोन करतो. हात लांब करून धरलात तर दोन बोटं. मोबाईलचा साधा कॅमेरा आडवा सुमारे 69 अंश एका चौकटीत कोंबतो. तो फोटो 16 इंचांच्या कागदावर उतरवला तर डोंगर जेमतेम पाऊण इंच. पण माणूस एका वेळी लक्ष देऊन बघतो ते 30 अंशांच्या आसपास. तेवढीच चौकट धरली तर तोच डोंगर पावणेदोन इंच होतो. म्हणजे बहुतेकदा उंची वाढवायची गरजच नाही, चौकट अरुंद करायची. कॅमेरा दुप्पट झूमवर ठेवून फोटो घ्या, किंवा पुठ्ठ्यात 3 बाय 4 इंचाची खिडकी कापून डोळ्यापासून साधारण 7 इंचांवर धरा.

त्यावरही थोडी उंची वाढवावीशी वाटली तर वाढवा, जुन्या सगळ्यांनी वाढवलीय. फक्त रुंदी तीच ठेवून उंची ताणली की उतार बदलतो, आणि उतार हा दगडाचा असतो. जांभ्याखालच्या ढिगाचा उतार मनाला येईल तसा उभा करता येत नाही, तो दगड तिथं थांबलाच नसता. ताणायचंच तर उभ्या कड्याचा भाग वाढवा, उतार आहे तसा ठेवा.

चिकोडीची माई

सूर्याची दिशाही सांगून टाकते. बेळगाव-खानापूरहून सह्याद्री पश्चिमेला. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, डोंगरावर समोरून उजेड, सगळा तपशील दिसतो पण खोली मरते. संध्याकाळी डोंगर उजेडाच्या आड, तपशील जातो आणि रांगा एकामागं एक सुट्या होतात. शिकणाऱ्यांनी रांगांचा अभ्यास संध्याकाळी चारनंतर करावा आणि खडकाचा सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास, जेव्हा तिरकं ऊन घळींमध्ये सावली टाकतं. दुपारी बारा ते तीन कागद काढूच नये, सावली पायाखाली असते आणि डोंगर पुठ्ठ्याचा दिसतो.

जलरंगवाल्यांसाठी : 300 ग्रॅमचा सुती कागद, पॅड नको, बोर्डाला चारी बाजूंनी चिकटवलेला. धुक्यासाठी कागद ओला करून वरचा रंग सोडायचा, पण कधी? पाण्याची चकाकी जाऊन कागद नुसता ओलसर मंद दिसेल तेव्हा. चकाकी असताना सोडला तर रंग पसरून रांगच उरत नाही. फार सुकल्यावर कुंचल्यात पाणी जास्त राहिलं तर फुलकोबीसारखे डाग उठतात. पावसाळ्यात कणकुंबीकडं एक वॉश सुकायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, तेव्हा दोन कागद घेऊन आलटून पालटून काम करा. जांभ्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कागदावरच मिसळू द्या. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो. बोर्ड थोडा तिरका ठेवा, पण रंग सोडल्यावर ढवळू नका.

वाचनकट्टा (टिळकवाडी, बेळगाव)

माई, तैलगंध काका, सगळ्यांचेच आभार. यातून मुलांसाठी वेगळा तक्ता होईल. एक राहिलं. पाटीवर आपल्या भागाचा धागा जोडता येईल का? आणि असं म्हणतात की चर्च मधल्या काळात विसरले गेले होते?

तैलगंध (शहापूर, बेळगाव)

विसरले गेले, अगदी. 1870 नंतर पॅरिसहून मोकळ्या, सैल कुंचल्याची आवड आली. असं बारीक काम जुनाट ठरलं. 'हडसन रिव्हर स्कूल' हे नावसुद्धा हिणवण्यासाठीच आलं. त्यांचं 1861 चं 'आइसबर्ग्ज' तर कुठं आहे तेच कुणाला माहीत नव्हतं. ते 1979 मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला सापडलं आणि त्याच वर्षी लिलावात 25 लाख डॉलरला गेलं. पण तोवर डोंगराच्या चित्राची वाट दुसरीकडं वळली होती. फ्रेंच चित्रकार सेझान एकच सेंट व्हिक्टॉयर डोंगर वर्षानुवर्षं रंगवत राहिले आणि डोंगर रंगाच्या चौकोनी ठोक्यांचा झाला. मला वाटतं, सेझानलाही डोंगराचा सांगाडाच हवा होता. चर्च यांनी पानापानांतून दाखवला, सेझाननं पानं काढून टाकली.

आपल्या भागाचा धागा आहे आणि तो जोडायलाच हवा. मुंबईचं जे. जे. स्कूल 1857 चं, म्हणजे या चित्राच्या दोनच वर्षं आधीचं. तिथं वास्तवदर्शी पद्धत रुजली. आबालाल रहिमान तिथं शिकून कोल्हापूरला परतले आणि 1931 पर्यंत तिथलंच पाणी, झाडी, ऊन रंगवत राहिले. सावंतवाडीत 1882 मध्ये जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांनी जलरंग कुठल्या उंचीला नेला ते सगळ्यांना ठाऊक आहे. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी पिढ्या घडवल्या, रवी परांजपे त्यांच्याच हाताखालचे. यांच्यापैकी कुणी तीन मीटरचे कॅनव्हास तिकीट लावून दाखवले नाहीत. आकार लहान, जागा ओळखीची, काम बरंचसं जागेवर बसून केलेलं. माझ्या मते आपल्या मुलांना चर्चपेक्षा हा रस्ता जवळचा आहे. चर्चकडून रचना शिकावी, आणि हवा-ऊन आपल्या या चित्रकारांकडून.

घाटमाथा (जांबोटी)

माझी शंका मिटली, पण एक विनंती. मुलांनी रचलेली चित्रं पुढं प्रदर्शनात लावणार असाल तर जागेचं नाव जपून घालायला सांगा. एकाच जागेचं असेल तर गाव, महिना आणि वेळ लिहा. जोडलेलं असेल तर 'खानापूर परिसरावरून रचलेलं' असं लिहा. चर्च यांनीही चित्राला एका शिखराचं नाव दिलं नाही, अख्ख्या अँडीजचं दिलं.

वाचनकट्टा (टिळकवाडी, बेळगाव)

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. पाटीचा मजकूर असा केलाय, बघा :

'हार्ट ऑफ द अँडीज. फ्रेडरिक एडविन चर्च, 1859. कॅनव्हासवर तैलरंग, मूळ आकार 168 × 303 सें.मी., मेट्रोपॉलिटन संग्रहालय, न्यूयॉर्क. दक्षिण अमेरिकेतल्या दोन प्रवासांतल्या अभ्यासचित्रांवरून स्टुडिओत रचलेलं, वास्तवदर्शी शैलीतलं रोमँटिक निसर्गचित्र. पायथ्याच्या जंगलापासून चिंबोराझोच्या बर्फापर्यंतचं हवामान एका नजरेत. डावीकडच्या झाडाच्या खोडावर चित्रकाराची सही शोधा.'

छापखाना (निपाणी)

मजकूर चांगला आहे. 'प्रतिकृती, मूळच्या सुमारे 60 टक्के आकारात' एवढं सुरुवातीला घाला, 6 फुटांना तेवढंच बसतं. आणि पाटी चित्राच्या उजव्या बाजूला लावा. डावीकडं लावली तर वाचायला उभा राहिलेला माणूस नेमकी ती सहीच झाकेल.